मोटारगाडी धुणे

मोटारगाडीच्या बाह्य पृष्ठावर साचलेली धूळ, चिखल, काजळी, तेलकट डाग इ. मळ रंगलेपास इजा न होऊ देता पाण्याच्या व प्रक्षालकाच्या साहाय्याने काढून टाकण्याची क्रिया. वरवर पाहता ही क्रिया घरातील भांडी घासण्यासारखी वाटते व पुष्कळदा ती तशीच केलीही जाते. परंतु भांडे राखेने किंवा रांगोळीने घासताना मळाबरोबर धातूचा अत्यल्प थर झिजून गेला, तरी बिघडत नाही. उलट भांड्याला चकाकी येते. गाडीच्या पत्र्यावरील रंगलेप फार पातळ व मऊ असल्यामुळे तेथे हाच प्रकार झीज घडवून आणतो. गाडीचा रंग निस्तेज होण्यास ऊन व पाऊस जबाबदार आहेत, असे सामान्यतः समजले जाते. ऊन काही अंशी जबाबदार असतेही. पण सुस्थितीतील गाडीवर दिसणारे बारीक ओरखडे बहुतेक वेळा मालकाच्या किंवा चालकाच्या हातातील फडक्याने पाडलेले असतात. धूळ व फडके यांची गाठ पडण्यापूर्वी धुळीतील खर पाण्याने वाहून नेणे, हे गाडी धुण्यामागील मुख्य तत्त्व होय. पाणी मुबलक असेल, तेथे ते पाळणे सोपे असते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात मात्र ते थोड्या पाण्यात कसे साधावे, हा खरा प्रश्न असतो. प्रस्तुत नोंदीत लातूर जिल्ह्यातील रेणापूर व त्याच्या आसपासचा भाग उदाहरणादाखल घेतला आहे.

रंगलेपाची रचना : सध्याच्या मोटारगाड्यांच्या पत्र्यावर एकावर एक असे अनेक थर असतात. प्रथम पत्र्यावर फॉस्फेटाची प्रक्रिया करून त्यावर विद्युत् निक्षेपणाने गंजरोधक अस्तर देतात. त्यावर पृष्ठ गुळगुळीत करणारा दुसरा अस्तरलेप, त्यावर रंगीत लेप व सर्वांत वर रंगहीन पारदर्शक लेप असतो. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = १/१००० मिमी.) भरते. त्यांपैकी पारदर्शक लेप सु. ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असतो. गाडीची चकाकी या एकाच थरावर अवलंबून असते. तो ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन यांसारख्या बहुवारिकांचा बनविलेला असून काचेपेक्षा पुष्कळच मऊ असतो.

पूर्वी अशी रचना नव्हती. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजाची लवकर वाळणारी लाखरोगणे प्रचारात आली व त्यानंतर अल्किड एनॅमले आली. भारतातील रस्त्यांवर दीर्घकाळ दिसणाऱ्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या जुन्या एनॅमलांवर वेगळा पारदर्शक लेप नसे. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे व पृष्ठावरील उन्हाने भुकटलेला थर निघून खालचा ताजा रंग उघडा पडे. ‘जितके घासावे तितके चमकते’ ही समजूत त्या काळातील असून त्या रंगांपुरती ती अगदीच निराधार नव्हती. पारदर्शक लेपाची पद्धत रूढ झाल्यानंतर ती टिकून राहणे मात्र हानिकारक ठरले आहे.

ओरखड्यांचे स्वरूप : फडक्याखाली सापडलेला कण हाताच्या दाबाने लेपात रुततो व फडक्याबरोबर ओढला जाऊन आपल्यामागे चर पाडतो. एक चर डोळ्यांना सहसा दिसत नाही. असे हजारो चर झाले, की पृष्ठावर पडणारा प्रकाश नियमितपणे परावर्तित न होता इतस्ततः विखुरला जातो व रंग धुरकट दिसू लागतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सूर्याचे प्रतिबिंब पाहिल्यास त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. यावरून फडके गोल फिरविल्यामुळेच ओरखडे गोलाकार पडले, असा तर्क करण्यात येतो. तो पूर्णपणे बरोबर नाही. ओरखडे सर्व दिशांना पडलेले असतात. परंतु प्रकाशबिंबाभोवती स्पर्शरेषेच्या दिशेने असलेलेच ओरखडे पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे प्रकाश पाठवितात व त्यांचे मिळून वर्तुळ भासते. पाहणारा बाजूला सरकला, की जाळेही त्याच्याबरोबर सरकते. काळ्या व गडद निळ्या गाडीवर ओरखडे उठून दिसतात, तर पांढऱ्या व रुपेरी गाडीवर ते लपतात. ते पडण्याचे प्रमाण मात्र दोहोंवर सारखेच असते.

रेणापूर परिसरातील धूळ : रेणापूर हे तालुक्याचे ठिकाण लातूर–अंबेजोगाई मार्गावर, मांजरा नदीस मिळणाऱ्या रेणा नदीकाठी वसले असून तेथील रेणुकादेवीचे मंदिर प्रसिद्ध आहे. येथील भूमी दख्खनच्या बेसाल्ट खडकाची व जमीन काळी आहे. काळ्या जमिनीतील मृत्तिका (माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे) अतिसूक्ष्म व स्वतः मऊ असते. ओली झाली, की ती फुगते व चिकटते. सुकली, की आकसून टणक खपली धरते. केवळ ही मृत्तिका असती, तर रंगास फारशी भीती नव्हती. पण तिच्यात न कुजलेल्या खडकाचे कण मिसळलेले असतात. बेसाल्टातील फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांची कठिनता मोस मापक्रमानुसार सु. ५·५ ते ६·५ असते. खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोटीची व अकीकासारख्या दगडांची कठिनता ७ च्या जवळपास, म्हणजे खिडकीच्या काचेहूनही अधिक भरते. कोरड्या काचेवर वायपर फिरविल्यास काचेवर धनुष्याकृती ओरखडे उमटतात, ते यामुळेच. जे कण काचेवर ओरखडा पाडू शकतात, त्यांच्यापुढे रंगलेपाचा निभाव लागत नाही.

धुळीचे स्वरूप ऋतुमानाप्रमाणे बदलते. पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत ती शेतातून उडते, तर खडी केंद्रांच्या व कच्च्या रस्त्यांच्या आसपास ताज्या फुटलेल्या दगडाची धारदार कणांची भुकटी वर्षभर असते. मृगाच्या पहिल्या शिडकाव्याने गाडी धुतली जात नाही. पृष्ठावरील धुळीचे ठिपके होऊन ते तेथेच वाळतात व पुढे निघण्यास अवघड जातात. उसाच्या गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून निघणारी काजळी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे दूरवर पसरते. काळी, हलकी व बोटाने चुरडणारी ही काजळी निरुपद्रवी वाटते, परंतु उसाच्या बगॅसच्या राखेत सिलिकेचे प्रमाण मोठे असते. भांडी घासण्यास राख का चालते, हे ज्यास ठाऊक आहे, त्याने ती गाडीवर चोळू नये. त्या मानाने लातूरच्या डाळ गिरण्यांभोवती उडणारा तुरीचा कोंडा गाडी मळवितो, पण रंगास फारसा अपाय करीत नाही.

कोरडे पुसणे : रोज सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी ती कोरड्या फडक्याने पुसून घेण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो. गाडीची निगा राखली जाते, अशी या प्रघाताविषयी मालकाची भावना असते आणि चालकाच्या मेहनतीचे मोजमापही त्यावरून केले जाते. रंगाच्या दृष्टीने एवढी अनिष्ट सवय दुसरी नाही. रात्रभरात बसलेल्या धुळीवर फडके दाबून फिरविणे, हे बारीक पॉलिश कागद फिरविण्यासारखेच असते. तेच फडके दिवसेंदिवस गाडीच्या डिकीत पडून राहते व जुनी धूळ नव्या धुळीत मिसळते. जुन्या बनियनाचे किंवा धोतराचे फडके मऊ असते हे खरे. पण ओरखडा फडके पाडत नसून त्यात अडकलेला कण पाडतो, त्यामुळे फडक्याच्या मऊपणाने प्रश्न सुटत नाही. ओलसर पिळलेले फडकेही सुरक्षित नव्हे. त्यातील ओलाव्याने धूळ पुसली जाते, वाहून जात नाही. मेणाळलेल्या सुताची झाडणी दाब न देता फिरविल्यास तिने हलकी धूळ उचलली जाते; वाळलेला चिखल किंवा खर असताना तीही वापरू नये. गाडी मळकी असणे रंगास घातक नाही. केवळ धूळ बसली असेल, तर ती बसू द्यावी व समोरची काच, आरसे, दिवे आणि क्रमांकपट्टी एवढेच पाण्याने स्वच्छ करून प्रवासास निघावे, हे अधिक शहाणपणाचे. आच्छादनाचे कापड (कव्हर) धुळीने भरलेल्या गाडीवर घातल्यास वाऱ्याने ते हलून तोच परिणाम होतो.

पाणी : या भागात सरासरी वार्षिक पर्जन्य ७०० ते ८०० मिमी.च्या आसपास असले, तरी ते अत्यंत अनियमित आहे. लातूर शहरास मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरणातून पाणी मिळते. ते धरण कोरडे पडल्याने मार्च २०१६ मध्ये शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत, म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. त्याच वर्षी १२ एप्रिल रोजी मिरजेहून सु. ३४० किमी. अंतरावरून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. तिच्या दहा टाक्यांत मिळून सु. ५ लाख लि. पाणी होते. नळीने गाडी धुताना मिनिटास १२ लि. प्रमाणे पंधरा मिनिटांत सु. १८० लि. पाणी खर्च होते. या हिशेबाने ती संपूर्ण रेल्वेगाडी सु. २,८०० मोटारगाड्या धुण्यात संपली असती. टंचाईच्या काळात गाडी धुणे मुळातच गैर, असे मत यावरून बनते व कडक टंचाईत ते योग्यही आहे. तथापि टंचाईमुळे नळी सोडून मग्गाभर पाण्यात भिजवलेल्या फडक्याने गाडी पुसणे, हा जो मार्ग बहुतेकजण पत्करतात, त्यात पाणी वाचते आणि रंग जातो. पाण्याचे प्रमाण व पाण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी असून क्रम सांभाळल्यास तीन बादल्यांत काम होऊ शकते.

पाण्याची प्रतही विचारात घ्यावी लागते. बेसाल्टातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांमुळे पुष्कळदा दुष्फेन (जड) असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात मोजलेल्या दुष्फेनतेची इष्ट मर्यादा दर लिटरास २०० मिग्रॅ. असून अन्य स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. पर्यंतचे पाणी चालते. ४०० मिग्रॅ. दुष्फेनतेचे १०० मिलि. पाणी गाडीवर तसेच वाळू दिले, तर सु. ४० मिग्रॅ. पांढरा क्षार ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. ताजा ठिपका पातळ केलेल्या व्हिनेगारने विरघळतो व त्यानंतर ती जागा लगेच पाण्याने धुवावी लागते. उन्हात भाजून पक्का झालेला ठिपका लेपात खळगा पाडतो व मग तो कशानेच विरघळत नाही. शेवटच्या खळबळण्यास छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी वापरणे सर्वांत उत्तम होय. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही क्षारविरहित असल्याने या कामी उपयोगी पडते. घरोघरी ते नुसते वाहून जाते, याचे आश्चर्य वाटते.

धुण्याची रीत : गाडी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा. एप्रिल–मे महिन्यांत गडद रंगाचे बॉनेट उन्हात ६०° से.च्या वर तापते. अशा पत्र्यावर टाकलेले पाणी व साबण क्षणात वाळून डाग धरतात. सकाळची वेळ सोयीची असते. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. पट्ट्याचे बक्कलही दारावर घासते, हे ध्यानात राहत नाही.

प्रथम चिखल भिजविण्याचे काम करावयाचे असते. काळ्या मातीची वाळलेली खपली पाण्याच्या एका झोताने निघत नाही. तिला पाणी शोषून फुगण्यास अवधी लागतो. यासाठी शेतकऱ्याकडे असतो तसा पाठीवरचा फवारणी पंप फार उपयुक्त ठरतो. बारीक तुषारांनी ५ लि. पाण्यात संपूर्ण गाडी भिजते. अर्थात कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा पंप या कामी कदापि वापरू नये. वेगळा पंप ठेवावा. पाच ते दहा मिनिटे थांबावे, मधून पृष्ठ सुकू लागल्यास पुन्हा तुषार मारावेत आणि मग टपापासून सुरुवात करून झारीने १० लि. पाणी ओतीत खाली यावे. या अवस्थेत हात किंवा फडके गाडीस लावावयाचे नसते. सुटलेली माती आपोआप ओघळून जाते. बराचसा खर येथेच गेला, की उरलेले काम जोखमीचे राहत नाही. पुष्कळ लोक हीच पायरी गाळतात व पुढील साबणावर अवाजवी विसंबतात.

यानंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत ८ लि. पाण्यात सौम्य प्रक्षालक, दुसरीत १२ लि. साधे पाणी. साबणाच्या पाण्यात बुडविलेले फडके टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, असे वरून खाली व सरळ रेषेत, जवळजवळ दाब न देता फिरवावे. प्रत्येक भाग झाल्यावर ते प्रथम साध्या पाण्यात खळबळून, पिळून मगच पुन्हा साबणात बुडवावे. दारांचा खालचा भाग, चाकांभोवतीच्या कमानी व बंपर यांवर सर्वाधिक खर असतो. ते शेवटी व वेगळ्या फडक्याने धुवावेत. चाकांचे फडके तर निराळेच असावे, कारण ब्रेकच्या झिजेतून निघालेले धातूचे कण त्यात अडकतात. फडके जमिनीवर पडल्यास ते त्या दिवसापुरते बाद समजावे.

साध्या पाण्याची बादली गढूळ झाली, की ती फेकून नवी भरण्याची इच्छा होते. टंचाईत याचा थोडा विचार करावा. पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो (स्टोक्स यांचा नियम). ५० मायक्रॉन व्यासाचा गारगोटीचा कण मिमी.च्या दुपटीहून थोड्या अधिक वेगाने दर सेकंदास खाली जातो व २५ सेंमी. खोल बादलीचा तळ दोन मिनिटांत गाठतो. २ मायक्रॉनाच्या मृत्तिकेच्या कणास तेवढ्याच अंतरासाठी एकोणीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे पाण्याचा गढूळपणा मुख्यतः मऊ मृत्तिकेमुळे असतो आणि ओरखडे पाडणारा खर तळाशी जाऊन बसलेला असतो. तेव्हा पाणी थोडे गढूळ असणे तितके भयावह नसून फडके तळाशी घासणे भयावह आहे. बादलीत तळापासून चार बोटे वर राहील अशी भोकांची ताटली किंवा चाळणी उपडी घालून ठेवल्यास हा धोका टळतो.

शेवटी झारीने १० लि. स्वच्छ पाणी वरून सोडावे. झारीची चाळण काढून पाणी संथ धारेने सोडल्यास त्याचा सलग पडदा होऊन खाली उतरतो व थेंब कमी राहतात. याप्रमाणे एकूण खर्च सु. ४५ लि. येतो. राहिलेले पाणी लगेच टिपून घ्यावे. त्यासाठी पूर्वी शॅमॉय कातडे वापरीत. सध्या पॉलिएस्टर व पॉलिॲमाइड यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे (मायक्रोफायबर) जाड फडके अधिक प्रचारात आहे. त्याच्या तंतूंमधील पोकळ्यांत पाणी व उरलासुरला कण शिरून पृष्ठापासून दूर राहतो. फडके ओढण्याऐवजी पसरून वरून थोपटावे. ही फडकी धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत व त्यांस कपडे मऊ करणारी द्रव्ये लावू नयेत, कारण त्यामुळे तंतू बुजतात. गाडी वाऱ्यावर वाळविण्यासाठी लगेच रस्त्यावर नेणे येथील धुळीत अर्थातच निरर्थक होय.

प्रक्षालके : प्रक्षालकातील पृष्ठक्रियाकारक मळाचा कण पृष्ठापासून सोडवतो, त्यास पाण्यात तरंगत ठेवतो आणि फडके व लेप यांमध्ये निसरडा थर निर्माण करतो. रंगाच्या दृष्टीने या शेवटच्या कार्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. अंगाचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमाशी संयोग पावून चिकट साका बनवितो. तो काचेवर व रंगावर पांढुरका बसतो. कपड्यांच्या चुऱ्यात धुण्याचा सोडा असल्याने तो तीव्र क्षारधर्मी असतो. त्याने मेणाचा संरक्षक थर निघून जातो व रबरी पट्ट्या कोरड्या पडतात. भांड्यांच्या वडीत व भुकटीत तर दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते. ती गाडीस लावणे म्हणजे अपघर्षक लावणेच होय. गाडीसाठी म्हणून विकला जाणारा उदासीन शाम्पू बेताच्या प्रमाणात घ्यावा. फेस अधिक म्हणजे धुणे अधिक, हा समज चुकीचा असून जास्त फेस काढण्यास जास्त पाणी लागते, हा तोटा मात्र खरा आहे. पाणी न लागणारे म्हणून मिळणारे फवारे हलक्या धुळीपुरते व पुष्कळ स्वच्छ फडकी हाताशी असल्यास चालतात. काळ्या चिखलावर त्यांचा प्रयोग करू नये.

विशेष डाग : पक्ष्यांची विष्ठा गाडीवर राहू देणे धोक्याचे असते. तीतील यूरिक अम्ल व इतर द्रव्ये लेपावर परिणाम करतात. शिवाय उन्हात मऊ झालेला लेप वाळणाऱ्या विष्ठेभोवती आकसतो व तेथे कायमचा वण राहतो. सावलीसाठी गाडी चिंचेखाली किंवा लिंबाखाली लावणाऱ्यास ही किंमत मोजावी लागते. वाळलेली विष्ठा खरवडू नये. ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवून ती मऊ करावी व उचलून घ्यावी. पावसाळ्यात रात्रीच्या प्रवासात समोरच्या भागावर आदळणाऱ्या किड्यांबाबतही हीच रीत लागू पडते. डांबराचे ठिपके थोड्याशा रॉकेलने भिजविलेल्या फडक्याने टिपून काढतात व ती जागा ताबडतोब साबणाने धुतात. पेट्रोल किंवा थिनर वापरल्यास डांबराबरोबर रंगही सुटण्याचा संभव असतो.

दसऱ्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. खंडेनवमीस व दसऱ्यास गाडी धुऊन तिची पूजा करतात व वर्षभरात जिला पाणी लागले नाही, अशी गाडीही त्या दिवशी धुतली जाते. पूजेनंतर बॉनेटवर काढलेले हळद-कुंकवाचे स्वस्तिक दुसऱ्या दिवशी कोरड्या हाताने पुसले जाते, तेथे नेमके ओरखडे पडतात. ते पाणी सोडून विरघळू द्यावे. हळदीचा पिवळा डाग क्षारधर्मी साबणाने लाल होतो, त्यामुळे रंग बिघडला असे वाटून माणसे अधिकच घासतात. वास्तविक कुंकू याच गुणधर्मामुळे हळदीपासून बनविता येते. राहिलेला पिवळेपणा काही दिवसांच्या उन्हाने फिका पडतो. झेंडूची माळ तारेत ओवलेली नसावी व ती लावून वेगाने गाडी चालवू नये. वाऱ्याने हेलकावणारी माळ धुळीसकट बॉनेटवर घासत राहते.

धुलाई केंद्रे : गावोगावच्या वॉशिंग सेंटरांमध्ये गाडी चढणीवर (रॅम्पवर) चढवून उच्च दाबाच्या पंपाने धुतात. गाडीच्या तळाचा चिखल निघण्यास याहून चांगला उपाय नाही. पंखाकृती फवारा एका हाताच्या अंतरावरून मारल्यास सुस्थितीतील रंगास इजा पोहोचत नाही. टवका गेलेल्या, पूर्वी ठोकून रंगविलेल्या किंवा गंज धरलेल्या जागी मात्र जवळून मारलेला झोत रंगाची कड उचलतो. धोका असतो तो नंतर हाती घेतल्या जाणाऱ्या सार्वजनिक स्पंजाचा. एकाच स्पंजाने अगोदर ट्रॅक्टर, मग मोटारसायकल व मग मोटारगाडी धुतली जाते आणि शेताचा खर पहिल्याकडून तिसरीकडे जातो. आपले फडके बरोबर नेण्यास संकोच करू नये. या केंद्रांनी गाळ बसविण्याच्या व तेल वेगळे करण्याच्या टाक्या बांधल्यास तेच पाणी पहिल्या खळबळण्यासाठी पुन्हा वापरता येते. पोळ्याच्या आधी बैल नदीवर नेऊन धुण्याची जुनी चाल आहे. तिचे अनुकरण करून ट्रॅक्टर व जीपगाड्याही नदीच्या पात्रात उतरविल्या जातात. बैलाच्या अंगावरून माती जाते, तर वाहनाखालून वंगण व इंधन पाण्यात उतरते. प्रवाहात प्रदूषक द्रव्ये सोडण्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये मनाई आहे. शिवाय नदीच्या वाळूमिश्रित पाण्यात भिजवलेले फडके रंगास कसे लागते, हे वर आलेच आहे.

ओरखड्यांवरील उपचार : नख फिरविले असता जो ओरखडा नखास लागत नाही, तो बहुधा पारदर्शक लेपाच्या वरच्या भागापुरता असतो. अतिसूक्ष्म अपघर्षक असलेल्या पॉलिशने त्याच्या कडा झिजवून तो नाहीसा करता येतो. ओरखडा येथे भरला जात नसून त्याच्या भोवतालचा लेप त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. एका वेळच्या पॉलिशमध्ये लेपाचे काही मायक्रॉन खर्ची पडतात, म्हणून हा उपचार गाडीच्या आयुष्यात थोड्याच वेळा करता येतो. पारदर्शक लेप फार पातळ झाला, की त्यातील अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी द्रव्येही कमी पडतात व टप आणि बॉनेट यांवर पांढरे चट्टे उमटून लेप पापुद्र्यांनी सुटू लागतो. मेण किंवा कृत्रिम बहुवारिकाचा थर दिल्याने पाणी मोत्यांसारखे ओघळते व पुढील वेळी मळ लवकर सुटतो. सिलिकायुक्त टिकाऊ लेपही हेच काम अधिक काळ करतात. यांपैकी कोणताही थर गाडीस ओरखडाविरहित करीत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. ज्या ओरखड्यात अस्तर किंवा पत्रा दिसू लागतो, त्यावर पॉलिशचा उपयोग नसतो. तेथे गंज धरण्यापूर्वी, विशेषतः पावसाळ्याच्या आत, रंग भरून घ्यावा. नव्याने रंगविलेल्या भागातील विद्रावक पूर्णपणे उडून लेप पक्का होण्यास काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत त्यास मेण लावू नये व धुताना केवळ साधे पाणी वापरावे.